गव्हाची खूण रक्तात: एका चाचणीचा मागोवा

पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालात आज ‘टीटीजी-आयजीए’ अशी एक ओळ असते. तिच्यासमोर एक आकडा असतो आणि शेजारी सामान्य पातळीची मर्यादा. एखाद्या मुलाची वाढ खुंटलेली असते, कुणाचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वर सरकत नसते, कुणाला वर्षानुवर्षे जुलाब होत असतात. अशा वेळी डॉक्टर ही चाचणी लिहून देतात आणि गहू जन्मभर सोडायचा की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यापासून सुरू होते. ते इतक्या सहज मिळण्यामागे मात्र फार लांबची वाट आहे. त्या वाटेने चालताना आपल्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. गव्हामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते तो सिलिॲक रोग; तो ओळखण्याचे जे साधन ज्या पिढीच्या हाती होते, त्यानेच त्या पिढीपुरते रोगी कोण हे ठरवले. नुसत्या शौचावरून ओळखायचे तेव्हा हा खंगत चाललेल्या बालकांचा रोग होता. आतड्याचा तुकडा तपासता येऊ लागला तेव्हा मोठ्या माणसांचे दुखणेही तोच रोग असल्याचे सिद्ध झाले. रक्त बोलू लागले तेव्हा तो धडधाकट दिसणाऱ्या लोकांतही सापडला.

या रोगाचे सर्वांत जुने वर्णन आपल्याला आजच्या तुर्कस्तानातील कॅपाडोशिया प्रांतात घेऊन जाते. तिथला ॲरेटियस हा ग्रीक वैद्य इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेला. अन्न न पचता बाहेर पडणे, शरीर सुकत जाणे आणि हे सारे दीर्घकाळ चालणे, असे चित्र त्याने रेखाटले आहे. ते १८५६ साली फ्रान्सिस ॲडम्स यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे लंडनच्या डॉक्टरांपुढे आले. या दोन टोकांच्या मध्ये, १७२८ साली, बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी तिथल्या विद्वत्सभेपुढे एक साधा प्रयोग मांडला, तो १७४५ साली छापला गेला. गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्याखाली धूत राहिले की पिष्ट वाहून जाते आणि हातात एक चिवट, ताणला जाणारा पदार्थ उरतो. तेच ग्लूटेन. तिंबलेली कणीक त्यामुळेच ताणली जाते आणि फुलका फुगतो. ज्वारीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरी थापताना तिच्या कडा फाटतात. या ग्लूटेनमधला अल्कोहोलमध्ये विरघळणारा भाग म्हणजे ग्लायडिन. अमेरिकेतील कनेटिकटचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑस्बोर्न यांनी १९०७ साली गव्हाच्या प्रथिनांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. अशा रीतीने आरोपी आणि रुग्ण दोघेही ग्रंथांत नोंदले गेले होते, पण त्यांची गाठ कुणी घातलेली नव्हती.

गाठ पडायला वेळ लागण्याचे कारण इंग्लिश डॉक्टर सॅम्युअल गी यांच्या व्याख्यानात सापडते. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनमधल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्यांनी या विकारावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वार्षिक ग्रंथात प्रसिद्ध झाले. एक ते पाच वर्षांची मुले, फिकट आणि दुर्गंधीयुक्त भरपूर शौच, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय हे वर्णन आजही बालरोगाच्या पुस्तकांत जवळपास तसेच वाचायला मिळते. हा रोग बरा होणार असेल तर आहारानेच होईल, हे गी यांनी ठामपणे सांगितले. पण त्यांनी वर्ज्य ठरवले ते भात, साबुदाणा आणि मक्याचे पीठ, आणि चालेल म्हटले ते पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाला. एका मुलाला रोज हॉलंडच्या उत्तम शिंपल्यांचा आहार दिला तेव्हा ते छान सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम सरल्यावर पुन्हा आजारी पडले, असेही त्यांनी नोंदवले आहे. निरीक्षण अचूक होते. पण तपासायला हाती केवळ शौच आणि मुलाचे वजन असल्यावर त्यामागचे कारण हाती लागणे कठीण होते. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर यांनी १९०८ साली आतड्यातील जीवाणूंना दोष दिला. त्याच शहरातील सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सुचवला. मुले केळी खाऊन सुधारली, कारण त्या आहारात पाव नव्हता, पण श्रेय केळ्यांना मिळाले आणि ते पुढची कित्येक वर्षे टिकले.

पावाकडे बोट दाखवले ते हेगमधल्या युलियाना बालरुग्णालयाचे विलेम कारेल डिके यांनी. पाव बंद केल्यावर काही मुले सुधारतात हे १९३० च्या दशकातच त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते आणि १९४१ साली त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात तसे लिहिलेही. त्यानंतर १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडची रसद तुटली, भाकरतुकडा मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. त्या उपासमारीतही सिलिॲक मुलांची प्रकृती ढासळली नाही, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा बिघडली, अशी ही हकीकत सांगितली जाते. ती सांगताना डिके यांची शंका त्याआधीची होती हे विसरले जाते. त्या शंकेला पुरावा मिळाला तो मोजमापातून. यान व्हान डे कामर या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९४९ साली शौचातील चरबी अचूक मोजण्याची पद्धत बसवली होती. डिके, कामर आणि बालरोगतज्ज्ञ वाईयर्स यांनी मुलांना आळीपाळीने गहू, राय, ओट, मका, तांदूळ देऊन चरबीचे आकडे मांडले. डिके यांचा प्रबंध १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात सादर झाला. १९५२ साली बर्मिंगहॅममध्ये शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे पिष्ट निर्दोष असून दोष ग्लूटेनमध्ये आहे हे दाखवले आणि १९५३ साली डच संशोधकांनी ग्लायडिनचे नाव घेतले. बेकारी यांनी पिठाचा गोळा धुतल्याला तोवर सव्वादोनशे वर्षे होत आली होती.

कारण कळले, पण रोग ओळखायचा कसा हा प्रश्न उरलाच होता. शौचातली चरबी मोजायची तर कित्येक दिवसांचे शौच साठवावे लागे आणि चरबी वाढण्याची इतरही कारणे असत. पुढचे वळण १९५४ सालचे. इंग्लंडमधील इप्सविचच्या जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले आतड्याचे तुकडे तपासले. लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखी सूक्ष्म उद्वर्धने असतात, त्यांना विली म्हणतात, आणि अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यामार्फत. पॉली यांच्या प्रौढ रुग्णांत ही विली विकृत झालेली होती. एरवी असे आतडे मृत्यूनंतरच पाहायला मिळे आणि तोवर ते सडून काही कळण्यापलीकडे गेलेले असे. जिवंत रुग्णाचे पोट न फाडता तुकडा काढण्याची सोय १९५६ साली लंडनमध्ये मार्गो शायनर यांनी आपल्या नळीने केली आणि १९५७ साली अमेरिकी सैन्यातील डॉक्टर विल्यम क्रॉस्बी यांच्या कॅप्सूलने ती सुटसुटीत झाली. रुग्णाने लांब बारीक नळीला जोडलेली धातूची कुपी गिळायची, ती लहान आतड्यात पोहोचेपर्यंत तासन् तास थांबायचे, मग बाहेरून हवा ओढली की आतले पाते फिरून अस्तराचा कण कापून घेई. १९६० साली सायरस रुबिन यांनी बालकांचा आणि मोठ्यांचा विकार एकच असल्याचे याच मार्गाने दाखवले. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञ १९६९ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनला जमले तेव्हा त्यांनी नियम केला की निदानासाठी तीन बायोप्सी लागतील: पहिली गहू खात असताना, दुसरी तो सोडल्यावर, आणि तिसरी तो पुन्हा खायला देऊन. लहान मुलाला तीनदा कुपी गिळायला लावणे म्हणजे काय हे कोणत्याही आईबापाला सांगायला नको. या जाचातून सुटायचे असेल तर रक्ताकडे वळणे भाग होते.

रक्ताकडे जाणारी एक वाट तोवर पडलेलीही होती. शरीरात परकी वस्तू शिरली की तिला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने तयार होतात, तीच प्रतिपिंडे. १९५८ साली बाझेलहून प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रबंधात बर्गर यांनी सिलिॲक मुलांच्या सीरममध्ये ग्लायडिनविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. इंग्लंडमध्ये टेलर, ट्रुलव्ह आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली गव्हाच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मुलांप्रमाणे मोठ्या रुग्णांतही असल्याचे मांडले. ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे ही या चाचणीची पहिली पिढी. ती मोजणे आधी किचकट होते. ते सोपे झाले १९७१ नंतर, कारण त्या वर्षी स्टॉकहोममध्ये एंग्वाल आणि पर्लमान यांनी, तर हॉलंडमध्ये व्हान वेमेन आणि स्खूर्स यांनी स्वतंत्रपणे एलायझाची पद्धत मांडली. प्लॅस्टिकच्या पट्टीतल्या खळग्यांत ग्लायडिन बसवायचे, त्यावर रुग्णाचे सीरम घालायचे, चिकटलेल्या प्रतिपिंडावर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडायचे आणि उमटलेला रंग यंत्राने मोजायचा. १९८० च्या दशकात ही तपासणी युरोपभर पसरली, पण तिच्यातला दोष लवकरच उघडा पडला. ग्लायडिनविरुद्ध थोडीफार प्रतिपिंडे निरोगी माणसातही सापडतात, आणि आतड्याला दुसऱ्या कारणाने इजा झाली असेल तर जास्तच. रक्तात गव्हाची खूण सापडत होती, पण ती रोगाची खूण आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

खात्रीची खूण आली ती अनपेक्षित दिशेने, त्वचारोगतज्ज्ञांकडून. फिलाडेल्फियाचे लुई डुरिंग यांनी १८८४ साली कोपर, गुडघे आणि नितंबांवर उठणाऱ्या, असह्य खाज सुटणाऱ्या फोडांचा एक विकार वर्णिला होता. त्याचे नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. १९६६ साली न्यूकॅसलच्या मार्क्स, शुस्टर आणि वॉटसन यांनी या रुग्णांच्या आतड्याचे अस्तर तपासले, तर त्यात सिलिॲकसारखीच विकृती निघाली. कातडीच्या दुखण्याचे मूळ पोटात निघाले आणि त्वचेच्या प्रयोगशाळांत सिलिॲकचे सीरम येऊ लागले. या प्रयोगशाळांची हातोटी वेगळी होती. हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडण्याची युक्ती काढली होती, तिच्या आधारे ते ऊतींच्या पातळ कापांवर रुग्णाचे सीरम पसरून कुठे चकाकते ते पाहत. लंडनमध्ये सीआह, लायनेल फ्राय आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली उंदराच्या ऊतींवर सिलिॲक मुलांचे सीरम तपासले, तेव्हा संयोजी ऊतींतील तंतू उजळले. त्या तंतूंना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना रेटिक्युलिनविरोधी असे नाव पडले. ग्लायडिन ही बाहेरून आलेली वस्तू, पण रेटिक्युलिन शरीराचे स्वतःचे. सिलिॲक रुग्णाचे शरीर गव्हाबरोबर स्वतःच्याही घटकांवर उठते, याची ही पहिली ठळक चाहूल होती.

तिचा पुढचा टप्पा वॉर्सामध्ये आला. टाडेउश खोझेल्स्की आणि स्टेफानिया याब्लोन्स्का हे पोलिश त्वचारोगतज्ज्ञ अमेरिकेतील बफेलो येथील अर्न्स्ट बॉयटनर आणि विजय कुमार यांच्यासह काम करत होते. १९८३ साली त्यांनी माकडाच्या अन्ननलिकेचे काप वापरून दाखवले की या रुग्णांतील आयजीए प्रकारची प्रतिपिंडे गुळगुळीत स्नायूंच्या तंतूंभोवतीच्या आवरणाला, म्हणजे एंडोमायसियमला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या जाळीची नक्षी दिसे, आणि ती दिसली की सिलिॲक रोग असण्याची शक्यता अतिशय मोठी असे. निरोगी माणसात ती क्वचितच आढळे. ही चाचणी इतकी भरवशाची ठरली की एका अर्थाने बायोप्सीच्या बरोबरीला आली. तिच्या अडचणी व्यवहाराच्या होत्या. माकडाची अन्ननलिका महाग, मिळायला दुर्मीळ, आणि त्यासाठी प्राण्याचा जीव घ्यावा लागे. शिवाय नक्षी आहे की नाही हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवलेले. पहिली अडचण १९९४ साली सुटली. लाडिन्झर आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या मानवी नाळेचे काप वापरले आणि ते तितकेच काम देतात हे दाखवले. नजरेचा प्रश्न सुटायला मात्र त्या आवरणातला नेमका कोणता पदार्थ प्रतिपिंडांना ओढून घेतो, हे कळायला हवे होते.

उत्तर प्रयोगशाळांच्या कपाटात चाळीस वर्षे पडून होते. १९५७ साली सरकार, क्लार्क आणि वेल्श यांनी गिनीपिगच्या यकृतात प्रथिनांना एकमेकांशी सांधणारे एक विकर शोधले होते. त्याला ट्रान्सग्लुटामिनेज नाव मिळाले आणि जखम भरण्यापासून पेशींच्या मृत्यूपर्यंत त्याचा संबंध दाखवला गेला. पोटविकारांशी त्याचे काही नाते असेल असे कुणाच्या मनात नव्हते. बर्लिनमध्ये डेटलेफ शूपान यांच्या प्रयोगशाळेत वाल्बुर्गा डिटेरिख यांनी मानवी पेशींच्या अर्कातून सिलिॲक रुग्णांची प्रतिपिंडे काय गळाला लावतात ते पाहिले. सुमारे ८५ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन वर आले. त्याची रचना वाचली, तर ते ऊतींतील ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजे टीटीजी निघाले. १९९७ साली ‘नेचर मेडिसिन’ मध्ये हा निबंध छापून आला आणि एंडोमायसियमच्या त्या हिरव्या जाळीमागे नेमके कोण होते ते कळले. वर्षभरात, १९९८ साली, फिनलंडच्या टांपेरे येथील संशोधकांनी व बर्लिनच्या गटाने गिनीपिगच्या यकृतातले तेच जुने विकर एलायझाच्या खळग्यांत बसवून चाचणी तयार केली. पुढे गिनीपिगची जागा पेशींमध्ये कृत्रिमरीत्या बनवलेल्या मानवी टीटीजीने घेतली. चाचणी स्वस्त आणि यंत्रावर वाचता येण्याजोगी झाली. १९९८ सालीच आणखी एक धागा जुळला. ओस्लोच्या लुडविग सॉलिड यांनी १९८९ साली दाखवले होते की बहुतेक सिलिॲक रुग्णांच्या जनुकांत एचएलए-डीक्यू२ नावाचा प्रकार असतो. आता कळले की टीटीजी ग्लायडिनच्या तुकड्यांतील ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते आणि असा बदललेला तुकडा डीक्यू२ वर जास्त घट्ट बसतो. जुनी ग्लायडिन चाचणी का फसत होती याचाही उलगडा झाला, कारण ती न बदललेल्या ग्लायडिनचा शोध घेत होती. २००१ साली अर्जेंटिनातील माबेल अलेआन्झी यांनी बदललेल्या ग्लायडिन-तुकड्यांवर चाचणी मांडली. ती आज डीजीपी म्हणून ओळखली जाते. २००४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने जुनी ग्लायडिन चाचणी नेहमीच्या वापरातून वगळली.

हे साधन हाती येत असतानाच सिलिॲक रोगाचा आकारच बदलला. इटलीतील कार्लो कतासी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली शाळकरी मुलांच्या रक्ताची चाळणी लावली आणि हिमनगाची उपमा वापरली. १९९६ मध्ये त्यांनी १७,२०१ मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात १८४ मुलांमागे एक सिलिॲक निघाला आणि एका ज्ञात रुग्णामागे सात अज्ञात. हा रोग अमेरिकेत फार दुर्मीळ आहे अशी समजूत होती. ॲलेसिओ फसानो यांनी २००३ साली १३,१४५ लोकांच्या रक्ताचा अहवाल मांडला, तेव्हा कसलीही लक्षणे वा घरात रुग्ण नसलेल्यांतही १३३ मध्ये एकाला तो होता. सर्वांत अनपेक्षित साक्ष वायोमिंगमधल्या एका हवाईतळावरून आली. १९४८ ते १९५४ या काळात तिथे घशाच्या स्ट्रेप्टोकोकल संसर्गाच्या अभ्यासासाठी तरुण सैनिकांचे रक्त घेऊन सीरम गोठवून ठेवले होते. २००९ साली रुबिओ-टापिआ आणि जोसेफ मरे यांनी अशा ९,१३३ नमुन्यांवर टीटीजी लावले. फक्त सुमारे ०.२ टक्के नमुने सकारात्मक निघाले, तर आजच्या मिनेसोटातील तुलनीय लोकांत हे प्रमाण चौपटीहून अधिक होते. ज्यांच्या रक्तात तेव्हा ही खूण होती आणि निदान झाले नव्हते, त्यांचा पुढच्या काळात मृत्यू होण्याचा धोकाही जवळपास चौपट होता. रोग वाढतो आहे आणि तो आपल्याला सापडू लागला आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचे त्या गोठलेल्या सीरमने दाखवले.

आपल्याकडचा प्रवास याच वाटेने, जरा उशिरा झाला. १९६६ साली दिल्लीहून वालिया आणि घई यांच्या गटाने उत्तर भारतातील मुलांतील सिलिॲक रोगावर ब्रिटिश नियतकालिकात लिहिले, तरीही पुढची तीस-चाळीस वर्षे हा गोऱ्यांचा रोग मानला जात होता. मुलांचे जुलाब आणि कुपोषण हे गरिबीचे फळ असे गृहीत धरल्यावर गव्हाकडे कोण पाहणार? रक्तचाचणी आली तशी ही समजूत ढळली. २००६ साली लुधियानाच्या अजित सूद यांच्या गटाने पंजाबातील शाळकरी मुलांत ३१० मागे एक रुग्ण नोंदवला. दिल्लीच्या एम्सचे गोविंद मखारिया यांच्या गटाने २०११ साली दिल्ली परिसरात ९६ मागे एक असा आकडा दिला, म्हणजे युरोपच्या बरोबरीचा. मग २०१६ साली २३,३३१ निरोगी प्रौढांचा अभ्यास आला. हरियाणात १.२३ टक्के लोकांच्या रक्तात टीटीजी प्रतिपिंडे सापडली, आसामात ०.८७ टक्के, तर वेल्लोर भागात अवघी ०.१० टक्के. डीक्यू२ आणि त्याच्याच गटातले डीक्यू८ ही जनुके मात्र तिन्ही ठिकाणी साधारण एक तृतीयांश लोकांत होती. फरक होता तो ताटातला: उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, आसामात ३७, दक्षिणेत २५. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे आकडे विचार करायला लावणारे आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात ज्या राज्याच्या ताटात होते, तिथे रेशनच्या गव्हापासून बेकरीच्या पावापर्यंत गव्हाने बरीच जागा घेतली आहे. जनुके तीच राहून ताट बदलले तर काय होते, हे दाखवणारा नकाशा समोर असताना आपल्या डॉक्टरांनी आणि पालकांनी टीटीजीचा विचार लवकर करणे शहाणपणाचे आहे. निदान झालेल्या घरात मग डब्यांवरची लेबले वाचण्याचे काम सुरू होते, कारण फोडणीच्या हिंगाच्या पुडीतही बहुधा गव्हाचे पीठ असते. ग्लूटेनमुक्त अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा २००८ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने आखली आणि भारतीय नियमांनीही ती स्वीकारली. ही मर्यादा तपासण्याचे साधनही एलायझाच आहे. माद्रिदच्या एन्रिके मेंडेझ यांनी विकसित केलेले आर५ हे प्रतिपिंड रक्ताऐवजी पिठात ग्लायडिन शोधते.

या चाचणीने आखलेल्या हद्दीबाहेरही माणसे आहेत. १९७८ साली एलिस आणि लिनाकर यांनी आतडे ठीक असूनही गहू सोडल्यावर सुधारलेल्या रुग्णाची नोंद केली आणि १९८० साली बर्मिंगहॅमच्या कूपर यांच्या गटाने अशा आणखी रुग्णांचे वर्णन केले. शेफील्डचे मारिओस हाजिव्हासिलिऊ यांनी १९९६ साली कारण न सापडलेल्या मज्जाविकारांच्या ५३ रुग्णांत ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे ५७ टक्क्यांत आढळल्याचे सांगितले. रक्तदात्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. गव्हाने तोल जातो आणि पावले अडखळतात, ही कल्पना तिथून रुजली. २०१० नंतर जगभर ‘ग्लूटेन संवेदनशीलता’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला. त्याची परीक्षा ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात झाली. २०१३ साली गिब्सन आणि बीसिकिएर्स्की यांनी स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या ३७ जणांना, आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार देऊन मग गुपचूप ग्लूटेन खाऊ घातले, तर ग्लूटेनचा वेगळा परिणाम दिसला नाही. २०१८ साली नॉर्वेतील अभ्यासात त्रासामागे गव्हातील फ्रुक्टान ही शर्करा अधिक दिसली. त्रास खरा आहे आणि काहींत कारण ग्लूटेनच असेलही. पण या मंडळींना सिद्ध करणारी रक्तातली खूण आजवर सापडलेली नाही. जुनी ग्लायडिन चाचणी त्यांतील निम्म्यांच्या आसपास सकारात्मक येते आणि बाकीच्यांत येत नाही. म्हणून आज त्यांचे निदान उलट्या बाजूने होते: आधी सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही हे ठरवायचे, मग गहू काढून आणि परत देऊन काय होते ते पाहायचे. साधनच नसल्याने या दुखण्याची सीमा अजून आखली गेलेली नाही.

सिलिॲकच्या बाजूला मात्र ही सीमा आता पुष्कळ ठळक झाली आहे. २०१२ साली युरोपीय बालपोटविकार संघटनेने ठरवले की टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापटींहून जास्त असेल, दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियम प्रतिपिंडेही सापडली, आणि लक्षणे व जनुके जुळत असतील तर मुलाची बायोप्सी न करता निदान करता येईल. २०२० साली लक्षणांची आणि जनुकांची अटही काढली गेली. इंटरलाकेनच्या तीन बायोप्सींपासून शून्य बायोप्सीपर्यंतचा हा प्रवास एक्कावन्न वर्षांचा. तरी आकडा एकटा वाचून चालत नाही. सिलिॲक रुग्णांतील दोन-तीन टक्क्यांना जन्मतःच आयजीए नसते. त्यांचे टीटीजी-आयजीए रोग असूनही शून्याजवळ दिसते, म्हणून एकूण आयजीए सोबत मोजावे लागते आणि ते नसेल तर आयजीजी प्रकारची चाचणी करावी लागते. मोठ्यांत बायोप्सी अजून बहुधा लागतेच. आणि चाचणीची एक अट तिच्या जन्मापासून बदललेली नाही: माणूस गहू खात असला पाहिजे. कुणाच्या सांगण्यावरून आधीच चपाती सोडलेली असेल तर प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि रोगी असलेल्याच्याही रक्तातून निरोगी अहवाल येतो. आज शंका आल्यावर गहू आधी बंद करून मग लॅबमध्ये जाणारा रुग्ण नकळत जुन्या धूसर काळात परत जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये इटलीच्या संसदेने मुलांची सिलिॲक आणि टाइप १ मधुमेहासाठी देशव्यापी तपासणी करण्याचा कायदा केला. सिलिॲकच्या वाटेवरचा हा आतापर्यंतचा सर्वांत पुढचा मैलाचा दगड. याचा अर्थ असा की एखाद्या मुलाला काहीच त्रास नसताना, केवळ रक्तातल्या प्रतिपिंडावरून, रुग्ण म्हणता येईल. गी यांच्यापुढे फिकट, फुगलेल्या पोटाचे मूल येई आणि त्याला वाचवायचे कसे हा प्रश्न असे. आपल्यापुढे येणारे मूल कदाचित हसतखेळत असेल, आणि प्रश्न असेल की सध्या सुखात असलेल्या मुलाचे ताट आयुष्यभरासाठी बदलायचे का. टीटीजीचा आकडा यातले बरेच सांगतो, पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आणि आईबापांचेच आहे. आजपर्यंतच्या प्रत्येक साधनाने रोगाची हद्द पुढे सरकवली आणि तिच्यात नव्याने आलेल्यांची काळजी कशी घ्यायची हे त्याच्यामागून शिकावे लागले. या वेळीही ते शिकावेच लागेल.